गावच्या ओढ्याची तब्येत कशी तपासायची?

मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर हल्ली टीडीएसचं पेन सर्रास दिसतं. आरओ मशीन विकणाऱ्यांनी ते घरोघर पोचवलं. ओढ्यात बुडवायचं, १२० आकडा आला की "पाणी एकदम चांगलं" म्हणून मोकळं व्हायचं. पण हे पेन फक्त पाण्यात विरघळलेले क्षार किती, एवढंच सांगतं. पाच मिनिटांपूर्वी वर म्हशी बसून गेल्या असतील, भेंडीवर मारलेल्या औषधाचा पंप कुणी ओढ्यात धुतला असेल, तरी आकडा १२०च्या आसपासच राहतो.

ओढ्याची तब्येत एका आकड्यात मावत नाही. ती कळते तुलनेतून: एकाच दिवशी, एकाच ओढ्याची वरची जागा आणि खालची जागा. आणि बाटलीतलं पाणी फक्त त्या क्षणाचं सांगतं, दगडाखालचे किडे मात्र गेल्या काही आठवड्यांची, महिन्यांची हकीकत सांगतात. शाळेचा विज्ञान शिक्षक, ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती, कॉलेजची मुलं, कुणालाही साध्या सामानात हे काम करता येतं.

कुठले ओढे, कुठले नाहीत

ही पद्धत ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या ओढ्यांसाठी आहे. सह्याद्रीच्या उतारावरून निघून काळू, शाई, भातसा, बारवी अशा नद्यांना मिळणारे आणि पुढे उल्हासच्या खोऱ्यात जाणारे हे ओढे. सगळा काळ्या बेसॉल्टचा मुलूख. भातसाचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, बारवीचं एमआयडीसीला आणि आसपासच्या शहरांना. म्हणजे पाड्याखालच्या ओढ्यात जे पडतं, त्याचा शेवट बऱ्याचदा कुणाच्या तरी घरातच होतो.

येऊरचे ओढे सुंदर आहेत, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाळं टाकू नका. नवी मुंबईत पारसिकच्या डोंगरातून किंवा खारघरच्या टेकड्यांवरून येणाऱ्या ओढ्यांचा वरचा भाग चालेल. खाली वस्तीत शिरल्यावर त्यांचे नाले होतात आणि पावसाचं पाणी साठवायला शहरात केलेल्या धारण तलावांच्या आसपास भरतीचं खारं पाणी आत येतं. तिथे खालचे निकष लागू पडत नाहीत.

कधी जायचं

दिवाळीच्या आसपास ते डिसेंबर अखेर हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस थांबलेला असतो, पाणी निवळलेलं, धार चालू. भर पावसात तपासणीला जाऊ नका. एक तर पुराने दगड उलटेपालटे होऊन किडे वाहून गेलेले असतात, आणि वर घाटात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही येऊ शकतो. दुसरी फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा बहुतेक ओढ्यांची धार बारीक होते किंवा तुटते, फक्त डोह उरतात. घाण तेवढीच पण पाणी कमी, त्यामुळे प्रदूषण तेव्हा उघडं पडतं.

वेळ सकाळी नऊ-दहाची धरा आणि दर फेरीला तीच ठेवा. ही हौस नाही, त्यामागचं कारण ऑक्सिजनच्या भागात येईल.

सामान

पांढरा उथळ ट्रे, बर्फाचा कप्प्यांचा ट्रे, मऊ ब्रश, प्लास्टिकचा चमचा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मीटरपट्टी, दहा मीटरची दोरी, थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या किंवा मीटर, ऑक्सिजन मोजायचं किट, नायट्रेट आणि अमोनियाचं किट. हवं तर तुमचं ते टीडीएसचं पेनही घ्या, त्याचाही उपयोग आहे. जाळ्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर रुंदीची चौकट आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरची नायलॉनची जाळी. मच्छरदाणीचं कापड चालतं, पण त्याची भोकं मोठी असल्याने बारीक किडे निसटतात. एकदा मच्छरदाणीचं जाळं वापरलं की दर वेळी तेच वापरा, म्हणजे तुलना तरी खरी राहील.

पायात गमबूट हवेतच. हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, गुरं आणि उंदीर वावरतात तिथे लेप्टोची भीती असते. दगड उचलताना त्याची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करा, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून दूर राहील. खाली फुरसं असू शकतं. पाण्यात सळसळत जाणारी दिवड मात्र बिनविषारी असते, तिला जाऊ द्या. एकट्याने जाऊ नये हे वेगळं सांगायला नको.

जागा निवडणं

कमीत कमी तीन जागा. पहिली पाड्याच्या, शेताच्या वर, जिथे माणसाचा वावर सगळ्यात कमी. दुसरी धुण्याच्या जागेच्या, सांडपाण्याच्या किंवा पोल्ट्रीच्या खाली. तिसरी त्याच्याही खाली अर्धा-एक किलोमीटरवर, ओढा सावरतो का ते पाहायला. दुसरा ओहळ येऊन मिळतो त्याच्या लगेच खाली नमुना घेऊ नका, पाणी पुरतं मिसळायला थोडं अंतर लागतं. पुलाखाली, मोरीच्या तोंडाशीही नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिन्ही जागी खळाळ निवडा: उथळ, दगडगोट्यांवरून खळखळणारं पाणी. वर खळाळ आणि खाली डोह अशी तुलना केली तर ती प्रदूषणाची नाही, दोन वेगळ्या घरांची तुलना होते.

काम नेहमी खालून वर करत जा. वरून सुरुवात केलीत तर तुम्हीच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येईल.

आधी नुसतं बघा

किट उघडण्याआधी पंधरा मिनिटं काठावर उभं राहायचं. सावली किती आहे? काठाला करंज, उंबर, जांभूळ टिकून आहेत की जेसीबीने साफ केलंय? पाणकणीस किंवा जलपर्णी माजली असेल तर पाणी साचतंय आणि त्यात खताचा अंश आहे, असं समजायला हरकत नाही.

पाण्यावर तेलकट तवंग दिसला की लोक लगेच डिझेल म्हणतात. काडीने ढवळून बघा. तवंग काचेसारखा तडकून तुकडे तुकडे झाला आणि तसाच राहिला तर तो लोहजीवाणूंचा, नैसर्गिक आहे. त्याच्याजवळ अनेकदा नारिंगी बुळबुळीत थरही असतो. तुकडे फिरून एकत्र आले तर मात्र खरंच तेल. फेसाचंही तसंच. पालापाचोळ्याचा फेस मळकट असतो आणि त्याला मातीचा वास येतो. साबणाचा पांढराशुभ्र असतो, वास सांगून जातो. दगडांवर राखाडी, कापसासारखे तंतू लोंबत असतील तर ती सांडपाण्याची अगदी पक्की खूण, मग पुढची किटं फक्त प्रमाण सांगायला.

एक दगड उचला. तो गाळात किती रुतलेला होता? खालची बाजू मोकळी असेल तर किड्यांना घर आहे. वर खडी क्रशर, वीटभट्टी किंवा रस्त्याचं काम चालू असेल तर दगडांमधल्या फटी बारीक मातीने बुजतात. पाणी रसायनांच्या हिशेबात स्वच्छ असलं तरी तिथे राहायला जागाच नसते. हे कुठलंही किट दाखवत नाही.

धार मोजणं

दहा मीटर सरळ भाग दोरीने आखा. मोसंबं सोडा, ते अर्धं बुडतं म्हणून वाऱ्याने भरकटत नाही. तीन वेळा सोडून सरासरी वेळ काढा. रुंदी मोजा, पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा.

समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, मोसंब्याला लागले २५ सेकंद. वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी हळू जातं म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. रुंदी गुणिले खोली ०.३ चौरस मीटर. तर धार झाली सेकंदाला साधारण १०२ लिटर.

एवढा खटाटोप कशाला? कारण किट सांगतं ती घाणीची तीव्रता, घाण एकूण किती ते नाही. नायट्रेट लिटरला २ मिलिग्रॅम हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०२ लिटरच्या धारेतून ते दिवसाला साडेसतरा किलोच्या वर होतं. भातखाचरातून किती युरिया वाहून चाललाय याचा अंदाज शेतकऱ्याला किलोत सांगितला तर पटतो, मिलिग्रॅममध्ये नाही.

किटं आणि त्यांचे आकडे

तापमान आणि पीएच पाण्यातच मोजा, बादलीत काढून नाही. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असेल तर चिंता नाही.

आता पेन. ते १२० दाखवतंय की १५० याला एकट्याने अर्थ नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं की आकडा आपोआप वाढतो. पण वरच्या जागी १२० आणि तीनशे मीटर खाली, त्याच तासाला, २१० आला तर मध्ये काहीतरी येऊन मिळतंय. काठाने चालत, दर वीस मीटरला पेन बुडवत जा, तो पाइप सापडतो. पेनाचा खरा उपयोग हा.

विरघळलेला ऑक्सिजन हा सगळ्यात बोलका आकडा, आणि सगळ्यात फसवाही. किटची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पहिली दोन रसायनं टाकली की साका बसतो. साका तपकिरी म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. इथेच निम्मं उत्तर मिळतं. मग आम्ल टाकून साका विरघळवायचा आणि स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. किटमध्ये आम्ल आणि अल्कली असते, मुलांच्या हातात देताना हातमोजे आणि चष्मा लागतोच. वापरलेलं रसायन ओढ्यात ओतू नका, बाटलीत परत न्या.

२५ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला ७.६. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला कमीत कमी ५ आणि मासे, वन्यजीवांसाठी ४ लागतो. पण डोहात हिरवं शेवाळ माजलं असेल तर दुपारी दोन वाजता १० किंवा ११ सुद्धा येईल. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं म्हणून. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं आणि पहाटे तोच डोह २ वर येतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. म्हणून वेळ एकच ठेवायची, आणि दुपारी क्षमतेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिसला तर खूश न होता पहाटे पुन्हा जायचं.

नायट्रेटच्या किटवर एक गोष्ट नीट वाचा: आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रोजनचा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५ मिलिग्रॅम आहे, तीच नायट्रोजन म्हणून मोजली तर १० च्या आसपास येते. हा गोंधळ चांगल्या चांगल्या अहवालांत असतो. अमोनिया सापडला तर सांडपाणी किंवा शेण ताजं आहे, जवळच आहे.

जंतूंसाठी काळी होणारी बाटली बऱ्याच गावांत जलजीवन मिशनच्या किटसोबत आलेली आहे, आणि ती वापरायचं शिक्षण गावातल्या बायकांना दिलेलं आहे. विहिरीला, नळाला ती उत्तम. उघड्या ओढ्यावर माझ्या मते वाया जाते, कारण गुरं पाणी पितात तिथे ती काळी होणारच, आणि वरच्या-खालच्या जागेतला फरक तिला सांगता येत नाही. तो हवा असेल तर निर्जंतुक बाटलीत नमुना घ्या, बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. बाटली कधी मिळेल, नमुना कुठल्या दिवशी घेतात, हे आधी फोन करून ठरवा. शनिवारी नमुना काढून सोमवारी नेण्यात अर्थ नाही.

दगडाखालचे जीव

इथे घाई करू नका, दिवसाचा मोठा भाग याच कामाला द्या.

जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायचं. त्याच्या पुढच्या हातभर जागेतले दगड एकाने पायाने एक मिनिट घुसळायचे. मोठे दगड उचलून जाळ्यासमोर हाताने चोळायचे, बरेचसे किडे चिकटलेले असतात. असं एकाच खळाळात तीन ठिकाणी. मग जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात उलटं करायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं. आधी नुसता कचरा दिसतो, मग कचरा चालायला लागतो.

सारखे दिसणारे जीव बर्फाच्या ट्रेच्या एकेका कप्प्यात घाला. नावं नंतर.

घाणीला सगळ्यात आधी बळी पडणारे म्हणजे स्टोनफ्लाय, चपटे मेफ्लाय, वाळूची किंवा पानांची नळी करून राहणारे कॅडिसफ्लाय (ही सगळी उडणाऱ्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लं), आणि दगडाला चिकटलेली, जुन्या तांब्याच्या पैशासारखी दिसणारी वॉटर पेनी. मधल्या गटात चतुराच्या आणि टाचणीच्या (चतुरासारखाच, पण बारीक कीटक) अळ्या, जाळं विणणारे कॅडिस, खेकडे, कोळंबी. कशातही तग धरणारे म्हणजे लाल अळ्या, चिखलात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे लालसर बारीक गांडूळ, जळू, लांब शेपटीच्या नळीने वरची हवा घेणारी उंदीरशेपटी अळी. लाल अळ्यांचा रंग हिमोग्लोबिनचा आहे, त्याच्या जोरावर त्या कमी ऑक्सिजनमध्ये राहतात. पाण्यावर घसरत पळणाऱ्या निवळ्या मोजू नका. त्या हवेतला श्वास घेतात, खालचं पाणी कसं आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही.

नवख्यांचा घोळ दोन ठिकाणी होतो. मेफ्लाय आणि टाचणी दोघांना मागे तीन शेपट्या दिसतात. मेफ्लायच्या धाग्यासारख्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडतात. टाचणीच्या शेपट्या पानासारख्या चपट्या, तेच तिचे कल्ले. दुसरा घोळ मेफ्लाय आणि स्टोनफ्लायचा, कारण काही मेफ्लायना दोनच शेपट्या असतात. भिंगातून पायाचं टोक बघा: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. आणि सगळे मेफ्लाय नाजूक नसतात. छोट्या माशासारखे सुळकन पोहणारे जरा मळलेल्या पाण्यातही निभावतात. दगडाला चपटे होऊन चिकटणारे निभावत नाहीत.

गुण असे द्या. पहिल्या गटात किती प्रकार सापडले, त्याला ३ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला १ ने, मग बेरीज. प्रकार मोजायचे, डोकी नाही. समजा वरच्या जागी ४, ५ आणि २ प्रकार मिळाले: १२ अधिक १० अधिक २, झाले २४. खाली १, ४ आणि ५: १६. अमेरिकेतले हौशी लोक वापरतात त्या पद्धतीत २२ च्या वर उत्तम, १७ ते २२ चांगलं, ११ ते १६ मध्यम आणि त्याखाली वाईट धरतात. आपल्या हंगामी ओढ्यांना या सीमारेषा डोळे झाकून लावू नका. धार तुटली की स्टोनफ्लाय स्वच्छ ओढ्यातूनही नाहीसे होतात. पण त्याच दिवशी वर २४ आणि खाली १६ हा फरक मात्र खरा आहे. केंद्रीय मंडळाचीही जैविक पद्धत आहे, तिच्यात कुळागणिक १ ते १० गुण आणि अ ते ई असे पाच वर्ग असतात. तिला कुळापर्यंत ओळख लागते, प्राणिशास्त्राचा विभाग सोबत असेल तर जरूर करा.

मोजून, फोटो काढून झालं की सगळे परत त्याच जागी सोडा. ट्रे उन्हात ठेवू नका.

मासे: जाळ्यापेक्षा तोंडाने

माशांसाठी जाळं टाकायची गरज नाही, विचारा. पाड्यावरच्या कातकरी किंवा ठाकूर माणसाला प्रत्येक डोहाचं नाव आणि त्यातला मासा ठाऊक असतो. मामा, मावशी म्हणून बसा, चहा घ्या, वही लगेच काढू नका. मळ्या, शिंगटी, वाम, मरळ हे मासे आणि मुठे (खेकडे) यांपैकी आता काय मिळतं, लहानपणी काय मिळायचं? मळ्या तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून खळाळात राहतो, तो गेला असेल तर खळाळाचं काहीतरी बिघडलंय. मरळ वरची हवा घेऊ शकते, ती असण्यावरून पाणी चांगलं ठरत नाही. गप्पी आणि तिलापिया बाहेरून आलेले, त्यांची वेगळी नोंद करा.

एक प्रश्न हमखास विचारा: वलगण कुठपर्यंत चढते? जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात, ओढ्यातून खाचरांत चढतात. "पूर्वी वरच्या पाड्यापर्यंत यायचे, मोरी बांधल्यापासून येत नाहीत" असं उत्तर मिळालं तर जाऊन मोरी बघा. पाइपाचं तोंड पाण्यापासून दोन फूट वर असेल तर प्रश्न पाण्याच्या दर्जाचा नाहीच, पायरीचा आहे.

उन्हाळ्यात काही ठिकाणी डोहात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून मासे मारतात. हे पाहुण्याला सहसा कुणी सांगत नाही. पाणी भरायला येणाऱ्या बायका सांगतात.

जुळवून वाचताना

ऑक्सिजन कमी, अमोनिया आहे, लाल अळ्या भरपूर: सांडपाणी किंवा शेण. नायट्रेट जास्त, शेवाळ हिरवंगार, दुपारी ऑक्सिजन भरमसाट, गोगलगायी पुष्कळ: खत. सगळे आकडे छान, पाणी नितळ, दगड गाळात रुतलेले आणि किडे थोडे: माती. आणि सगळे आकडे छान, दगड मोकळे, तरी ट्रेमध्ये जवळपास काहीच नाही, लाल अळ्यासुद्धा नाहीत, तर फवारणीच्या औषधाचा संशय घ्या. उन्हाळी भाजीपाल्याच्या पट्ट्यात हे दृश्य भेटण्याची शक्यता असते. कीटकनाशक किड्यांनाच मारायला बनवलेलं असतं, आणि साध्या किटांत ते दिसत नाही.

प्रत्येक निष्कर्ष दोन फेऱ्यांत तोच आला तरच लिहा. नोंदीत तारीख, वेळ, मागच्या आठ दिवसांत पाऊस झाला का, वनराई बंधारा घातलाय का आणि एका ठरलेल्या दगडावर उभं राहून काढलेला फोटो एवढं असावंच. बंधाऱ्याने खळाळ बुडाला असेल तर जागा बदला आणि तसं लिहा.

निकाल आधी पाड्यावर सांगा, मग ग्रामसभेत. जैवविविधता नोंदवहीत माशांची आणि किड्यांची यादी जोडायला सांगा. कारखान्याचं किंवा टँकरने टाकलेलं रसायन दिसलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. तुमची बाटली तिथे पुरावा म्हणून चालत नाही, १९७४च्या जल कायद्याप्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत निष्कर्षाऐवजी जागा, तारीख आणि घाण येण्याची वेळ नेमकी द्या, म्हणजे अधिकारी त्या वेळी तिथे पोचू शकतील. टँकर बहुतेक रात्रीच येतात.